आठवड्यातून पाच उपवास

"मॅडम, तिला एवढंच समजावा, साखरपुडा होईपर्यंत तोंड उघडू नको म्हणावं."

सायलीच्या आई खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे बोलल्या. सायली शेजारी बसून पर्सची चेन उघडबंद करत होती. वय २६, पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला, घर सोलापूर जिल्ह्यात. नाव अर्थातच खरं नाही आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही मी बदललेत. लिहायची परवानगी तिने दिली ती एका अटीवर, "हिंगाचं नक्की लिहा."

मी समुपदेशक, आणि हा प्रश्न माझ्याकडे नवा नाही. थायरॉईड, फिट्स, अंगावरचं कोड, लहानपणापासूनचा मधुमेह. आजाराचं नाव बदलतं, प्रश्न तोच राहतो: स्थळाला सांगायचं का, आणि सांगायचं तर कधी? सायलीच्या बाबतीत आजार होता गहू न सोसणाऱ्या आतड्याचा, सिलिअ‍ॅक, आणि त्यामुळे उत्तर थोडं वेगळं निघालं.

आजार सापडायलाच सहा वर्षं गेली होती. कॉलेजात असल्यापासून हिमोग्लोबिन आठाच्या वर चढत नव्हतं. "मुलींचं रक्त कमीच असतं" असं म्हणत लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाला, लोखंडी कढईतल्या पालेभाज्या झाल्या. तोंड वरचेवर येई, त्यावर बी-कॉम्प्लेक्स. पोट फुगे, ती ॲसिडिटी. उंची कमी, ती "आजीवर गेली आहे." गव्हाशी संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही; आलं असतं तरी ते उत्तर हिंदुस्थानातलं दुखणं म्हणून सोडून दिलं असतं. शेवटी पुण्यात एका डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला: एवढं लोह पोटात जातंय, मग रक्तात का दिसत नाही? या आजारासाठी करतात ती टीटीजी नावाची रक्ताची तपासणी झाली, आकडा बराच वर आला. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि निदान पक्कं झालं.

पहिल्याच भेटीत मी सायलीला म्हटलं, तुला काय झालंय ते मला तुझ्या शब्दांत सांग. तिने छान सांगितलं. आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व ती शोषून घेते. गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की तिच्या शरीराची संरक्षणव्यवस्था शत्रू समजून उठते आणि मारा मात्र स्वतःच्या आतड्यावर करते. लव झिजून सपाट होते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन बंद ठेवलं तर लव पुन्हा उगवते, पण मोठ्या माणसात त्याला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात.

"मग तू बंद केलंस?"

"हो," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "म्हणजे, घरी."

निदानाला आठ महिने झाले होते आणि टीटीजीचा आकडा हवा तसा उतरत नव्हता. डॉक्टरांना वाटलं दळणात काहीतरी गडबड असेल. ती होतीही. कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हाच्या दळणानंतर ज्वारी टाकली की पहिलं किलो-दोन किलो पीठ मिश्रच येतं. आपण ते पाहतो, बोलत नाही. घरघंटी आली, तिच्यात गहू घालायचा नाही असं ठरलं. पोळपाट वेगळा, तवा वेगळा. थालीपिठाच्या भाजणीत आजी गहू घालायची, तो निघाला. कुणीतरी मोठ्या प्रेमाने पाच किलो खपली गहू आणून दिला, "यात ग्लुटेन नसतं" म्हणून. खपली जुना असला तरी गहूच, ग्लुटेन त्यात असतंच. तो शेजारी गेला. आणि हिंग. बाजारातला डबीतला हिंग बहुतेक वेळा निव्वळ हिंग नसतो, त्यात डिंक आणि मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. म्हणजे घरातल्या प्रत्येक वरणात, प्रत्येक फोडणीत रोज चिमूटभर. आता सायलीच्या आई तांदळाचं पीठ मिसळलेला हिंग आणतात, डबीवरचं बारीक अक्षर वाचून. (सायली, लिहिलं.)

एवढं करूनही आकडा अडून होता. कारण दुसऱ्या भेटीत कळलं.

ऑफिसात कुणी वाढदिवसाचा केक पुढे केला की सायली सांगायची, "माझा उपवास आहे." सामोसे आले, उपवास. टीमचं जेवण, उपवास. आठवड्यातून पाच-पाच. बरोबरच्या मुलींना वाटायचं ही फार देवभोळी आहे. एकीने तर तिच्याकडून मार्गशीर्षातल्या गुरुवारचा विधी समजून घेतला. हे सांगताना ती हसली, मीही हसले. तसा उपवास तिला सोयीचाच. वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, कशातच ग्लुटेन नाही. फक्त राजगिऱ्याचं पीठ कुठे दळलंय तेवढं बघायचं. पण मला त्यात दुसरं काही दिसत होतं. देवासाठी नको म्हटलं की समोरचा हात जोडतो. आतड्यासाठी नको म्हटलं की "एवढ्याशाने काय होतंय?" या मुलीने नको म्हणण्यासाठी देवाचा आडोसा घेतला होता, आणि जिथे तो चालत नव्हता तिथे ती खात होती. काकूंकडे सत्यनारायणाचा शिरा. प्रसादाला उपवास कसा सांगणार? मावशीच्या हातची पुरणपोळी, "तुझ्यासाठी पातळ लाटलीय गं." मामेबहिणीच्या लग्नात पंगतीत सगळे बघत होते म्हणून दोन पुऱ्या.

एका चपातीत अदमासे दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम एवढंही तीन महिने पोटात गेलं तर आतड्याला इजा होऊ शकते, असं अभ्यासात दिसलंय. म्हणजे चपातीचा पन्नासावा तुकडा. हे तिला पाठ होतं. माहिती कमी पडत नव्हती.

"मला लग्नाची भीती नाही वाटत," ती म्हणाली. "मी आयुष्यभर कुणाच्या तरी घरात कटकट होऊन राहीन, याची वाटते."

आता आईंचा बेत ऐका. बेत वाईट हेतूचा नव्हता, हे आधी सांगते. त्यांनी मुलीची सहा वर्षं निस्तरली होती. त्यांचं म्हणणं, आत्ता बोलू नये, लग्न व्हावं, वर्षभर तिने थोडं थोडं सगळं खावं, सासरी रुळली की हळूच सांगावं. "चपातीने कुणी मरत नाही हो."

तिसऱ्या भेटीत सायली पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "मुलंबाळं होतील ना तिला?"

हा प्रश्न पहिल्या दिवसापासून खोलीत बसून होता. मी डॉक्टर नाही. मी तो कागदावर लिहून दिला आणि म्हटलं, पोटाच्या डॉक्टरांना अगदी हेच विचारा. त्यांनी सरळ उत्तर दिलं. आजार मोकाट राहिला तर गर्भ राहायला अडचण येऊ शकते, गर्भपाताचा धोका वाढतो, बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. पथ्य कडक पाळलं, रक्ताचे आकडे जागेवर आले, की शक्यता इतर बायकांसारखीच जवळपास. बाळाला हा आजार होण्याचा संभव साधारण दहात एक, आणि तो वेळीच तपासता येतो.

पुढच्या भेटीत मी आईंना एवढंच विचारलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासरचे कशाची वाट बघतात? त्या गप्प झाल्या. लपवायचं म्हणजे खायचं, आणि खायचं ते नेमकं त्याच वर्षी. थायरॉईडची गोळी माणूस सकाळी न्हाणीघरात घेऊन बाहेर येईल, कुणाला पत्ता लागणार नाही. सिलिअ‍ॅकचं औषध ताटातच असतं, दिवसातून तीनदा, सगळ्यांसमोर. हा आजार गुपित ठेवायचा तर उपचार सोडावा लागतो. मधला मार्ग मला तरी अजून सापडलेला नाही.

सायलीचे वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक. दोन भेटी ते एक अक्षर बोलले नव्हते. त्यांना मी विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाची गोष्ट सांगितली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, हॉलंडमध्ये अन्नाचा भयंकर तुटवडा पडला, पाव मिळेना. माणसं उपासमारीने खंगत होती आणि डिकेंकडची ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होता, या काळाने तो बळकट केला. त्यावरचा प्रबंध त्यांनी १९५० साली सादर केला. वडिलांनी सालं वहीत टिपून घेतली. निघताना बायकोला म्हणाले, "माझ्या आईच्या वेळी चपाती सणालाच होती. ज्वारी खाऊनच माणसं लग्नं करत होती ना?" पुरावा म्हणून हे काही धड नव्हे, पण घरातलं वारं फिरलं ते या वाक्याने.

मग प्रश्न राहिला, कधी आणि कसं सांगायचं. माझं मत असं: बायोडाटावर नको. तिथे रास, नाडी, रक्तगट यांच्या रांगेत एक परका शब्द बसला की लोक कागद मिटतात. बैठकीत याद्या होताना तर मुळीच नको, तेव्हा ते फसवल्यासारखं वाटतं. मुलगा-मुलगी दोघंच दुसऱ्यांदा भेटतात तेव्हा, तिने स्वतः. मध्यस्थाच्या तोंडून नव्हे.

वाक्य आम्ही माझ्या खोलीत घोटलं. पहिला प्रयत्न: "सॉरी, पण माझा एक प्रॉब्लेम आहे..." मी थांबवलं. दुसरा, "मला गव्हाची ॲलर्जी आहे." हॉटेलात वेटरला हे चालेल, एका शब्दात काम होतं. सासरी नाही, ॲलर्जी म्हटलं की लोकांना वाटतं गोळी घेऊन एखाद्या दिवशी खाता येईल. शेवटी ठरलं ते असं: "मला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गहू अजिबात चालत नाही, कणभरही नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, सगळं खाते. पथ्य पाळलं की मी ठणठणीत असते. तुला काय विचारायचं ते विचार."

मग मी सासू झाले. "अगंबाई, मग आमच्या चपात्या कोण करणार?"

सायली गडबडली. आई मात्र पटकन म्हणाल्या, "मुलाला शिकवा की!" आणि स्वतःच दचकल्या. प्रश्न तसा खोटा नाही. कणीक मळल्याने ग्लुटेन कातडीतून आत जात नाही, हात धुता येतात; पण उडणारं पीठ नाकातोंडात जातं, ओट्यावर बसतं. शक्यतो तिने मळू नये. तेही आधीच बोललेलं बरं.

पहिलं स्थळ गेलं. मुलाने ऐकून घेतलं, "काही हरकत नाही" म्हणाला आणि चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधी जुळली होती. आईंचा फोन आला, "बघा, तुम्ही बोलायला लावलंत." त्या रात्री मला झोप आली नाही. माझं चुकलं असं आजही वाटत नाही, पण बरोबर सल्ल्याचीही किंमत कुणीतरी मोजतं, आणि ती सल्ला देणाऱ्याला मोजावी लागत नाही. सायली त्या आठवड्यात रडली. मग एक गोष्ट केली, जी मी सुचवली नव्हती: ऑफिसात वाढदिवसाला केक आला तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, उपवास नाही, मला गहू चालत नाही. आता ती डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी मधे ठेवते आणि तिच्या वाट्याला निम्मीच येते. पुढच्या तपासणीत टीटीजी बराच खाली आला. हिमोग्लोबिन अकराच्या वर.

आईंनी आता कोकणातली स्थळं बघायला घेतली आहेत. "भात खाणारं घर, घावन-आंबोळ्या करणारं." मी त्यांना सांगितलं की कोकणातल्या डब्यातही आता चपातीच असते. ऐकत नाहीत. रत्नागिरीकडच्या एका घराशी बोलणं चालू आहे. पाहण्याच्या कार्यक्रमाला कांदेपोहे होते. सायली म्हणाली, "हा एकच सोहळा देवाने माझ्यासाठी ग्लुटेन-फ्री ठेवलाय." मुलाला तिने दुसऱ्या भेटीत सांगितलं. त्याने तीन प्रश्न विचारले, त्यातला एक असा: बाहेर आईस्क्रीम खाता येईल का? कोन सोडून, ती म्हणाली. पुढचं अजून ठरायचं आहे.

एक गाठ सुटायची राहिली आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सख्ख्या नातेवाइकांनीही रक्त तपासून घ्यावं. भावाने घेतलं, काही निघालं नाही. आईंनी अजून घेतलेलं नाही. त्यांचंही हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं नऊच्या आसपास, गेल्या वर्षी जराशा पडण्याने मनगट मोडलं. "सायलीचं मार्गी लागू दे" म्हणतात. मागच्या वेळी दारातून परत येऊन पुढचं बोलल्या: "माझ्यात निघालं तर लोक म्हणतील घराण्यातच आहे. मग मुलाचंही अडेल."

शनिवारी त्यांना एकट्यांनाच बोलावलंय. तोवर चपाती सोडू नका, असं बजावलंय. तपासणीआधीच गहू बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.