अक्षौहिणी : सैनिक किती आणि आस किती?

‘अक्षौहिणी की अक्षोहिणी? आणि एका अक्षौहिणीत सैनिक किती?’ असे विचारले आहे. अक्षौहिणीच. सैनिकांचे मात्र ऐकून ऐकून कान किटले. ‘एक अक्षौहिणी म्हणजे २,१८,७०० सैनिक’ हे वाक्य जो तो बिनदिक्कत फेकतो. अहो, त्या बेरजेत २१,८७० हत्ती आहेत, ६५,६१० घोडे आहेत आणि २१,८७० रथ आहेत! पायदळ उरते १,०९,३५०.

महाभारताच्या आदिपर्वात कथा सांगणारा सौती ऋषींना हा हिशेब सांगतो. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ मिळून पत्ती. मग दर पायरीला तिप्पट: सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. सात वेळा तिप्पट म्हणजे तीनाचा सातवा घात, २१८७. अशा दहा अनीकिनी म्हणजे अक्षौहिणी.

आता खरी गंमत. पत्तीत रथ एकच, म्हणून रथ मोजले की पत्ती मोजून होतात. सगळ्या सेनेचे माप रथ. आणि रथाचे मर्म कशात? अक्षात, म्हणजे चाके ज्या दांड्यावर फिरतात आणि आपण मराठीत ज्याला ‘आस’ म्हणतो त्यात. हा आस त्या अक्षापासूनच आला. ऊहिनी म्हणजे समूह. अक्षौहिणी म्हणजे २१,८७० आसांचा मेळा! कोशांत ‘अक्ष म्हणजे इंद्रिये’ असाही पर्याय सापडतो. तो मला साफ अमान्य आहे. सेनेच्या नावात इंद्रिये कशाला येतील? ज्यांनी तो दिला त्यांनी पत्तीचे कोष्टक समोर ठेवले नसावे.

अक्ष आणि ऊहिनी यांचा नेहमीच्या नियमाने गुणसंधी (अ + ऊ = ओ) होऊन ‘अक्षोहिणी’ व्हायला हवे होते. इथे वृद्धी, म्हणजे ओ ऐवजी औ, व्हावी म्हणून कात्यायनाने स्वतंत्र वार्तिक, म्हणजे पाणिनीच्या सूत्राला पूरक नियम, केले. ‘प्रोढ’ न होता ‘प्रौढ’ होते आणि ‘स्वेर’ न होता ‘स्वैर’ होते, तेही तिथल्याच वार्तिकांमुळे. माझे मत असे की लोकांच्या तोंडी औकार आधीच पक्का बसला होता, व्याकरणाने त्याला मागाहून जागा करून दिली.

आणखी एक. रथ, हत्ती, घोडे, पायदळ, एकूण, यांतल्या कुठल्याही आकड्यातील अंकांची बेरीज १८ येते आणि महाभारताची पर्वेही १८, म्हणून त्यात गूढ शोधणारे पुष्कळ भेटतात. संख्येत तीनाचा सातवा घात आहे, तेव्हा तिला नवाने भाग जाणारच आणि अंकांची बेरीज नवाच्या पटीत येणारच. पांडवांच्या सात अक्षौहिणी १५,३०,९००, बेरीज १८. कौरवांच्या अकरा २४,०५,७००, बेरीज १८. दोन्ही मिळून अठरा अक्षौहिणी ३९,३६,६००. करा बेरीज: २७.

आणि क्रिकेटच्या अकरा जणांना सर्रास ‘चमू’ म्हणतात. पत्त्या ७२९ धरल्या तर चमूत रथ, हत्ती, घोडे, पायदळ मिळून ७२९० भरतात.