जर्मनीत विम्यावर डोळे तपासायचे असतील तर

भाऊ, तू विचारलंस की दारव्ह्याहून बायको-पोरीला घेऊन जर्मनीत येतो आहे, पोरीला चष्मा आहे, तर तिथं सार्वजनिक आरोग्य विमा घेणारा ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा, जवळपास कसा शोधायचा. आम्ही आर्वीकडचे. इथं येऊन बरीच वर्षं झाली, घरात दोन्ही लेकरांना चष्मे आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

तसा ऑप्टोमेट्रिस्ट शोधतच बसू नको. आपल्याकडं चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढून देतात, तशी दुकानं इथंही आहेत. त्यांना ऑप्टिकर म्हणतात. पण तिथं नंबर काढायचे पैसे विमा देत नाही. विमा चालतो तो डोळ्यांच्या डॉक्टरकडं, म्हणजे आउगेनआर्ट्स्टकडं, आणि तोही सरसकट नाही. दाराजवळच्या पाटीवर तपासणीच्या वेळांखाली ‘आल्ले कासेन’, म्हणजे सगळे सार्वजनिक विमे, लिहिलेलं दिसलं की तुझं विम्याचं कार्ड तिथं चालतं. ‘प्रिव्हाटप्राक्सिस’, म्हणजे खाजगी दवाखाना, असेल तर बिल तुझ्या खिशातून जाईल. फोन केला की आधी सांगायचं, ‘इश बिन गेझेत्स्लिश फेरझिशर्ट’, म्हणजे मी सार्वजनिक विम्यावर आहे. लगेच दुसरा प्रश्न, नवीन पेशंट घेता का? लहान गावांत हा दुसरा प्रश्नच जास्त अडवतो. तारीख कित्येकदा काही महिन्यांनंतरची मिळते, म्हणून घर लागलं की लगेच फोन सुरू कर.

कुणीच तारीख देत नसेल तर 116117 वर फोन कर, तो डॉक्टरची वेळ मिळवून देणाऱ्या सेवेचा नंबर आहे. डोळ्यांच्या डॉक्टरसाठी दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. खरी तक्रार असेल तर साधारण चार आठवड्यांच्या आतली वेळ मिळवून देतात; नुसत्या नेहमीच्या तपासणीला ही मुदत लागू नाही. डॉक्टर मात्र तुझ्या पसंतीचा मिळेलच असं नाही, थोडं लांबही जावं लागतं. तरी जा.

आता पोरीचं. 18 वर्षांपर्यंत काचांसाठी विमा ठरावीक रक्कम देतो. फ्रेमचे पैसे आपले. लहान मुलांच्या चष्म्याला डॉक्टरची चिठ्ठी लागतेच, आणि ती 28 दिवसांच्या आत ऑप्टिकरकडं न्यायची. तपासणीत थेंब टाकून बाहुली मोठी करतात. माझी धाकटी त्या दिवशी घरी येईपर्यंत माझ्या जॅकेटमध्ये तोंड खुपसून होती, उजेड सहन होत नव्हता. तिच्यासाठी टोपी नक्की घे, आणि त्या दिवशी शाळेचा आग्रह धरू नको.

तुमचं दोघांचं वेगळं आहे. मोठ्या माणसाला नंबर 6 पेक्षा जास्त किंवा सिलिंडरचा (तिरकस दिसण्याचा) नंबर 4 पेक्षा जास्त असेल, नाहीतर नजर फारच कमी असेल, तरच काचांना पैसे मिळतात. साध्या दीड-दोन नंबरला काही नाही. म्हणून निघण्याआधी यवतमाळला किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात सगळ्यांचे डोळे नीट तपासून घ्या आणि प्रत्येकी दोन चष्मे करून आणा. इथं चष्म्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात.

दवाखान्यात कार्ड मशीनमध्ये घातलं की कधी कधी एक कागद सहीला पुढं करतात. तो बहुधा काचबिंदूसाठी डोळ्यांचा दाब मोजायच्या तपासणीचे पैसे स्वतः भरण्याबद्दल असतो. तक्रार किंवा संशय नसताना केलेल्या या तपासणीचे पैसे विमा देत नाही. वाचल्याशिवाय सही करू नको, नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. पण घरात कुणाला काचबिंदू असेल तर डॉक्टरला ते आधी सांग, आणि पैसे पडले तरी ती तपासणी करून घे असंच मी म्हणेन. बायकोला किंवा तुला शुगर असेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी विम्यातच होते, ती चुकवू नको.

पगार मोठा असेल तर खाजगी विम्यावाले मागं लागतील. तुझ्यासारख्या संसारी माणसानं सार्वजनिकच घ्यावा, कारण बायकोला कमाई नसेल तर ती आणि पोरगी तुझ्याच हप्त्यात येतात, आणि एकदा खाजगीत गेलं की परत यायला फार कठीण. नवीन कार्ड यायला वेळ लागतो, तोवर विमा कंपनीकडून तात्पुरता दाखला मागून घे. पोरीच्या जुन्या नंबरचे सगळे कागद हातातल्या बॅगेत ठेव, डॉक्टर पहिले तेच मागतात.