कुजलेल्या खांबाचे काय करावे?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या वाड्याच्या ओसरीचे दोन सागवानी खांब तळाशी वीतभर कुजले आहेत. पंधरा वर्षांपूर्वी ओसरीत फरशी बसवली होती. ठेकेदार खांब काढून सिमेंटचे उभे करण्यास सांगतात. वास्तुविद्या शिकणारी पुतणी मात्र जुने खांब टाकू देत नाही. कोणाचे ऐकावे?

उत्तर : पुतणीचे. ठेकेदारांना मात्र बोल लावू नये. एका पिढीपूर्वी जाणकारही कुजके लाकूड अख्खे बदलावे, नाही तर पोकळीत इपॉक्सी राळ भरावी, असेच सांगत. राळ लाकडासारखी फुगत-आकसत नाही, त्यामुळे दोहोंच्या सांध्यात ओल अडकून शेजारचे चांगले लाकूडही कुजते, हे अनुभवाने कळले. इकोमॉस या वारसावास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ मध्ये मेक्सिकोत स्वीकारलेल्या आणि २०१७ मध्ये दिल्लीत नव्याने मांडलेल्या तत्त्वांत जुने लाकूड होईल तितके जागेवर राखावे, नवे घालायचेच तर शक्यतो त्याच जातीचे घालावे आणि सुतारांचे पारंपरिक कसबही जपावे, असे म्हटले आहे. (जपानमध्ये इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडात उभारतात, तेथे लाकडापेक्षा कसबच जपले जाते.)

आपल्या खांबांचा खरा शत्रू ती फरशी असावी, असे मला वाटते. जुन्या सुतारांनी खांब दगडी तळखड्यावर उभा केला तो त्याच्या बुडाला ओल लागू नये म्हणून. फरशीखालच्या सिमेंटात तळखडा गाडला गेला, की पावसाळी झडीचे पाणी बुडाशी साचते आणि लाकडाच्या उघड्या रेषांतून वर चढते. म्हणून आधी खांबाभोवतीची फरशी फोडून तळखडा मोकळा करावा आणि वरची कौले परतून घ्यावीत. मग तुळईला धीरे, म्हणजे तात्पुरते टेकू, लावून, पटाशीचे टोक सहज शिरणार नाही इतके टणक लाकूड लागेपर्यंत कुजका भाग कापावा आणि पाडलेल्या घरातला मुरलेला साग तिरक्या सांध्याने, लाकडी खुंट्या ठोकून बसवावा. नव्या तुकड्यावर, सहज नजरेत येणार नाही अशा जागी, दुरुस्तीचे वर्ष कोरून ठेवल्यास पुढच्या सुताराला जुने-नवे ओळखता येईल.

सुतार ठरवण्यापूर्वी त्याने केलेला एखादा सांधा पाहावा आणि लाकूड कोरडे असते त्या मार्च-एप्रिलमध्ये काम उरकावे.