‘टर्न इट ऑफ’ चालतं मग ‘टर्न ऑफ इट’ का नाही?

प्रश्न असा आलाय की ‘टर्न ऑफ द लाइट’ बरोबर, ‘टर्न द लाइट ऑफ’ पण बरोबर, ‘टर्न इट ऑफ’ही बरोबर, पण ‘टर्न ऑफ इट’ म्हटलं की चूक, आणि ‘लुक ॲट इट’चं नेमकं उलटं, तिथे ‘लुक इट ॲट’ केलं की चूक, मग नियम काय समजायचा? आणि या ऑफ, अप, ॲटला मराठीत शब्दयोगी अव्यय म्हणायचं का?

सगळ्यांना सरसकट शब्दयोगी म्हणतो ना, तिथेच घोळ होतो. आधी मराठीच बघा. ‘तक्रारीमागे कोण आहे?’ आणि ‘तक्रार मागे घेतली’. दोन्हीकडे ‘मागे’ आहे, पण पहिल्यात तक्रारचं तक्रारी झालं, म्हणजे सामान्यरूप झालं, म्हणजे तो ‘मागे’ तक्रारीला चिकटलेला, खराखुरा शब्दयोगी. दुसऱ्यात तक्रार आहे तशीच उभी आहे, तिला कुणी हात लावला नाही, कारण तिथला ‘मागे’ घेणे या क्रियापदाच्या पार्टीतला आहे. ‘परीक्षा पुढे ढकलली’ पण तसंच, परीक्षेच्या पुढे काही ढकललेलं नाही. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं तरी चुकत नाही.

इंग्रजीत नेमकी हीच भानगड आहे, फक्त तिथे नामाला सामान्यरूप नाही, त्यामुळे छोटा शब्द कुणाचा ते नुसतं बघून कळत नाही. नेहमीची जोडी घ्या: ‘रॅन अप अ हिल’ आणि ‘रॅन अप अ बिल’. पहिल्यात माणूस टेकडीवर धावत गेला, ‘अप’ टेकडीचा. दुसऱ्यात त्याने बिल वाढवून ठेवलं, बिलावर कुणी धावत गेलेलं नाही, ‘अप’ रनचा. आता नाम काढून ‘इट’ घाला. टेकडी असेल तर ‘रॅन अप इट’, बिल असेल तर ‘रॅन इट अप’. म्हणजे सामान्यरूपाचं काम इंग्रजीत सर्वनाम करतं असं म्हणा हवं तर. छोटा शब्द नामाचा असेल तर तो सर्वनामाच्या आधीच राहतो, क्रियापदाचा असेल तर सर्वनाम मध्ये घुसतं. ‘ॲट’ नामाचा, ‘टर्न ऑफ’मधला ‘ऑफ’ क्रियापदाचा, झालं तुमचं उत्तर.

मध्येच का घुसतं तर माझ्या मते कारण साधं आहे, इंग्रजीला वाक्याच्या शेवटी जोर लागतो आणि ‘इट’ हा शब्द हलका, आधी ज्याचं बोलणं झालं त्याचंच नाव, त्याला शेवटची खुर्ची कशाला द्यायची? ‘टर्न इट ऑफ’ मोठ्याने म्हणून बघा, जोर ‘ऑफ’वर येतो. ‘लुक ॲट इट’मध्ये जोर ‘लुक’वर, ‘ॲट’ तर जवळजवळ गिळला जातो. उलट कर्म लांबलचक असलं, म्हणजे ‘काल रात्री तू चालू ठेवलेला तो कोपऱ्यातला दिवा’ एवढं मोठं, तर ते शेवटी टाकतात आणि ‘ऑफ’ टर्नला चिकटून राहतो, नाहीतर ‘ऑफ’ येईपर्यंत ऐकणारा झोपेल.

एक गोष्ट मात्र बऱ्याच गाइडांमध्ये गोंधळून टाकलेली असते. ते म्हणतात क्रियापद आणि छोटा शब्द जोडून अर्थ बदलला की ती जोडी ‘फ्रेजल व्हर्ब’, म्हणजे छोटा शब्द क्रियापदाचा. तसं नाही हो. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, अर्थ पूर्ण बदलला, तरी ‘लुक आफ्टर हिम’च म्हणायचं, ‘लुक हिम आफ्टर’ नाही. अर्थ बदलणं वेगळं आणि रचना वेगळी. ‘पुट अप विथ’ (सहन करणे) मध्ये तर दोन्ही प्रकार एकत्र आहेत, ‘अप’ क्रियापदाचा आणि ‘विथ’ पुढच्या नामाचा, म्हणून ‘पुट अप विथ इट’. ढोबळमानाने अवे, बॅक हे क्रियापदाच्या बाजूचे, ॲट, फॉर, विथ, फ्रॉम हे नामाच्या बाजूचे, आणि अप, डाउन, ऑन, ऑफ, इन, ओव्हर, थ्रू हे दोन्ही दगडांवर पाय ठेवून, त्रास सगळा यांचाच. (इथला ‘ऑफ’ दोन एफवाला. एका एफवाला ‘ऑव्ह’ वेगळा, तो नामाच्या बाजूचा.)

मला खरी मजा वाटते ती संस्कृतची. एकाच हृ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, कुठल्याचा कुठल्याशी मेळ नाही, ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’ हा श्लोक त्यावरच आहे, उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो. ‘गिव्ह अप’, ‘गिव्ह इन’, ‘गिव्ह अवे’ यापेक्षा वेगळं काय करतात? आणि जागेचं म्हणाल तर पाणिनीने उपसर्ग धातूच्या आधी येतात असं सांगून लगेच पुढे जोडलंय की वेदात ते धातूनंतरही येतात, आणि मध्ये दुसरे शब्द घालून तुटकही येतात. ‘टर्न द लाइट ऑफ’ दुसरं काय आहे? जुन्या इंग्रजीतही असे शब्द धातूच्या आधी चिकटायचे, अंडरस्टँड, ओव्हरकम, विथस्टँड हे त्यातले उरलेले. विथस्टँडमधला ‘विथ’ तर ‘विरुद्ध’ या जुन्या अर्थाचा. पुढे हे छोटे शब्द हळूहळू क्रियापदाच्या मागे जाऊन बसले. परक्या लोकांना हे फार जड जातं असं कोशकार सॅम्युअल जॉन्सनने आपल्या 1755 च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय, म्हणजे अडखळणारे तुम्ही पहिले नाही. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच नंतरचं, 1925 मध्ये लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने छापलं आणि ते कोशकार हेन्री ब्रॅडलीने सुचवलं असं त्यानेच सांगितलं.

आणि ‘पोस्टपोन’ हा शब्द भारदस्त वाटतो ना, लॅटिनमध्ये त्याची फोड ‘नंतर’ आणि ‘ठेवणे’ एवढीच आहे, म्हणजे ‘पुट ऑफ’ आणि आपलं ‘पुढे ढकलणे’ यांचाच भाऊ, सूट घातलेला.

अर्थ पाठ करायचे का, तर थोडे करावेच लागतात. ‘अप’मध्ये बऱ्याचदा संपवून टाकण्याचा भाव असतो, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव, जे काम आपण ‘टाकणे’ लावून करतो. पण यावर फार विसंबू नका, घर ‘बर्न अप’ही होतं आणि ‘बर्न डाउन’ही, फॉर्म ‘फिल इन’ करा नाहीतर ‘फिल आउट’, भरायचा तोच. ‘गो ऑफ’ तर कहर आहे, दिवा गो ऑफ झाला तर बंद, अलार्म गो ऑफ झाला तर सुरू, दूध गो ऑफ झालं तर नासलं.

जाता जाता, ‘कोप अप विथ’ असं सर्रास ऐकू येतं, त्यातला ‘अप’ फुकटचा आहे, नुसतं ‘कोप विथ’. बहुतेक ‘कीप अप विथ’ किंवा ‘पुट अप विथ’च्या संगतीने बिघडलेला.