जँगो: लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर टेम्प्लेट सापडत नाही

तुमचा जँगोमधला (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायचं साधन) मेसच्या हिशेबाचा प्रोजेक्ट लॅपटॉपवर नीट चालतो, सर्व्हरवर चढवला की 'टेम्प्लेट डझ नॉट एक्झिस्ट', म्हणजे पानाचा एचटीएमएल साचा सापडत नाही, असा एरर येतो, आणि सेटिंग्जमधल्या 'डिर्स'मध्ये (टेम्प्लेट शोधायच्या फोल्डरांची यादी) नुसतं 'टेम्प्लेट्स' लिहिलंय, असं तुम्ही म्हणता. दुखणं तिथेच आहे.

प्रोसेस ज्या फोल्डरमधून सुरू झाली, तिथून हा अर्धवट पाथ मोजला जातो. सेटिंग्जची फाइल कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. लॅपटॉपवर तुम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन रनसर्व्हर ही कमांड देता, म्हणून जमतं. सर्व्हरवर गनिकॉर्न (तिथे जँगो चालवणारा प्रोग्रॅम) बहुधा दुसऱ्याच फोल्डरमधून सुरू होतोय. खात्री करायची तर लॅपटॉपवर होम फोल्डरमध्ये जा आणि तिथून मॅनेज.पीवाय पूर्ण पाथ देऊन चालवा. हाच एरर येईल. त्या पानावर जँगोने कुठे कुठे शोधलं त्याची यादी असते, ती ओळ न् ओळ वाचा. सर्व्हरवर मात्र यासाठी डीबग (एररचा तपशील पानावर दाखवणारी सेटिंग) चालू करू नका, आतली माहिती बाहेर दिसते.

'डिर्स'मध्ये बेस_डिर (सेटिंग्जमध्येच ठरवलेला प्रोजेक्टच्या फोल्डरचा पूर्ण पाथ), तिरपी रेघ आणि मग 'टेम्प्लेट्स' असं लिहा. जँगो 3.1 पासूनच्या नव्या प्रोजेक्टमध्ये हे थेट चालतं. सेटिंग्जची फाइल एक फोल्डर आत हलवली असेल तर बेस_डिरला आणखी एक 'पेरेंट' (म्हणजे एक फोल्डर वर) जोडा. 'टेम्प्लेट_डिर्स' सांगणारे जुने धडे सोडून द्या, ते 1.10 मध्येच काढून टाकलंय.

आता हेही करून घ्याच. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्र्याच्या अडत्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर केलं होतं. 'आवक' आणि 'विक्री' ही दोन ॲप (प्रोजेक्टचे वेगवेगळे भाग), आणि दोघांच्याही टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये थेट यादी.एचटीएमएल. ऐन आंबिया बहरात विक्रीचं पान उघडलं की आवकेची यादी यायची. एरर काहीच नाही, म्हणून दोन दिवस गेले. जँगो आधी 'डिर्स' बघतो, मग 'ॲप_डिर्स' (ॲपच्या आतल्या टेम्प्लेट्स फोल्डरांतही शोधायची सेटिंग) ट्रू असेल तर सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड_ॲप्स या यादीच्या क्रमाने एकेक ॲप, आणि त्या नावाची पहिली फाइल मिळाली की थांबतो. आमच्या क्रमात आवक वर होतं. तेव्हापासून आम्ही विक्री/टेम्प्लेट्स/विक्री/यादी.एचटीएमएल असंच ठेवतो आणि रेंडरमध्ये (पान तयार करणारं फंक्शन) 'विक्री/यादी.एचटीएमएल' देतो. एकच नाव दोनदा बघून विचित्र वाटेल, पण तसंच ठेवा.

एवढं करूनही अडलं, आणि लॅपटॉपवर विंडोज असेल, तर फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं तपासा. लिनक्स त्यात सूट देत नाही.