‘पोत मेर्जे’ आणि ‘पोत सऽ मेर्ग’: रोमानियनमधले ‘शकणे’ आणि ‘पाहिजे’

नोकरीनिमित्त बुखारेस्टला राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारलेला प्रश्न असा आहे. रोमानियनच्या वर्गात त्यांनी एक वाक्य लिहिले: ‘नु पोत वेनि मिय्ने, त्रेबुये मेर्जे ला दोक्तोर’, म्हणजे ‘मी उद्या येऊ शकत नाही, डॉक्टरकडे जायला पाहिजे.’ शिक्षिकेने ‘पोत वेनि’ तसेच ठेवले, पण ‘त्रेबुये मेर्जे’वर काट मारून ‘त्रेबुये सऽ मेर्ग’ असे लिहिले. ‘वेनि’ (येणे) आणि ‘मेर्जे’ (जाणे) ही दोन्ही कोशातलीच मूळ रूपे असताना एक चालते आणि दुसरे चालत नाही, हे का? शिवाय पाठ्यपुस्तकात कुठे ‘पोत मेर्जे’, तर कुठे ‘पोत सऽ मेर्ग’ असे दिसते. त्यांच्या अर्थात काही फरक आहे का?

आधी लिप्यंतराबद्दल थोडेसे. रोमानियनमध्ये आपल्या ‘अ’सारखा एक स्वर आहे आणि तो शब्दाच्या शेवटीही स्पष्ट उच्चारला जातो. मराठी वाचक शेवटचा ‘अ’ सवयीने गिळतो, म्हणून तो जिथे उच्चारायचा आहे तिथे मी अवग्रह (ऽ) घातला आहे. जिथे अवग्रह नाही तिथे शेवटचे अक्षर ‘घर’मधल्या ‘र’सारखे वाचावे. जिभेच्या मध्यभागातून उच्चारला जाणारा त्यांचा आणखी एक स्वर आपल्याकडे नाही. तो मी ‘इ’ने भागवला आहे. क्रियापदाच्या मूळ रूपाला संस्कृत व्याकरणातला ‘तुमन्त’ हा शब्द वापरतो, कारण ‘गन्तुं शक्नोति’मधले ‘गन्तुम्’ जे काम करते, तेच बहुतांशी या रूपाचे काम आहे.

आता मूळ मुद्दा. तुमन्त चालते की नाही, हे त्या क्रियापदाच्या अर्थावरून ठरत नाही. त्याच्या आधी कोणते सहायक क्रियापद आले आहे, त्यावरून ठरते. हे मराठी माणसाला खरे तर नवीन वाटू नये. ‘जा’ हा एकच धातू आपण ‘जाऊ शकतो’, ‘जावे लागते’, ‘जायला पाहिजे’, ‘जाता येते’, ‘जायचे आहे’ अशा पाच वेषांत वापरतो. कोणत्या सहायकापुढे कोणता वेष, हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते, तरी ‘जाता पाहिजे’ किंवा ‘जावे शकतो’ असे कोणी म्हणत नाही. रोमानियनमध्ये मुख्य वेष दोनच आहेत, एक नुसते तुमन्त आणि दुसरे ‘सऽ’ जोडलेले विध्यर्थी रूप. आजच्या प्रमाण भाषेत नेहमीच्या सहायकांपैकी या दोहोंची मोकळी मुभा फक्त ‘आ पुत्या’ला, म्हणजे ‘शकणे’ला आहे. (‘आ’ हे तुमन्ताची ओळख सांगणारे उपपद, कोशात ‘आ मेर्जे’, ‘आ वेनि’ असेच सापडते. ‘पोत’पुढे मात्र हा ‘आ’ गळतो. ‘पोत आ मेर्जे’ असे आज लिहिले, तर ते जुन्या पोथीतले वाटेल.) ‘आ व्र्या’, म्हणजे इच्छा असणे, आणि ‘आ त्रेबुइ’, म्हणजे ‘पाहिजे’, ही दोन्ही ‘सऽ’च मागतात: ‘व्र्याउ सऽ मेर्ग’ (मला जायचे आहे), ‘त्रेबुये सऽ मेर्ग’ (मला जायला पाहिजे).

फ्रेंच, इटालियन किंवा स्पॅनिश शिकून रोमानियनकडे येणारे नेमके इथेच अडखळतात. या भाषा लॅटिनच्याच लेकी. इटालियन माणूस ‘वोल्यो आंदारे’ म्हणतो आणि त्यात तुमन्त सरळ बसते. रोमानियन मात्र कित्येक शतके ग्रीक, बल्गेरियन आणि अल्बेनियन यांच्या शेजारी नांदली. त्या टापूत तुमन्ताची जागा हळूहळू ‘की मी जावे’ या धर्तीच्या रूपांनी घेतली. आजच्या ग्रीकमध्ये ‘थेलो ना पाओ’ म्हणतात, शब्दशः ‘इच्छितो की जावे-मी’. बल्गेरियनमध्ये ‘दा’, तर अल्बेनियनमध्ये ‘त’च्या धर्तीचा शब्द हेच काम करतो. ग्रीक आणि बल्गेरियनमधून जुने तुमन्त जवळजवळ पुसले गेले, रोमानियनमध्ये ते अर्धवट टिकले. उत्तरेकडच्या मारामुरेशसारख्या भागातल्या बोलींत ते थोडे अधिक सापडते, ही गोष्टही याच चित्रात बसणारी आहे. शेजारामुळे भाषांच्या ठेवणीत येणाऱ्या या सारखेपणाकडे कोपितार या स्लोव्हेनियन विद्वानाने 1829 मध्येच लक्ष वेधले होते. भारतीय भाषांबद्दल तसाच विचार भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी 1956 मध्ये मांडला. द्राविडी भाषांना लागून वाढलेल्या मराठीला या प्रकाराचे अप्रूप वाटायला नको.

‘सऽ’चा उगमही पाहण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये ‘जर’ या अर्थी ‘सि’ असा शब्द होता. त्याचाच हा वंशज. जुन्या रोमानियन लेखनात ‘सऽ’ खरोखर ‘जर’ या अर्थानेही भेटतो. आज त्याचे काम क्रियापदाला विध्यर्थी करण्याचे उरले आहे. एकटे ‘सऽ मेर्ग?’ म्हणजे ‘मी जाऊ?’ आणि ‘सऽ मेर्जेम!’ म्हणजे ‘जाऊ या!’ ‘व्र्याउ सऽ वीय’ म्हणजे ‘तू यावेस असे मला वाटते’. इथला ‘वेस’ आणि तिथला ‘सऽ’ यांची तुलना मनात ठेवली, तर निम्मे काम होते. रूपांचा त्रास फक्त तृतीय पुरुषात होतो: ‘मेर्जे’ (जातो) पण ‘सऽ म्यार्गऽ’ (जावे), ‘विने’ (येतो) पण ‘सऽ विनऽ’, ‘फाचे’ (करतो) पण ‘सऽ फाकऽ’. ‘मी’ आणि ‘तू’ यांना वर्तमानकाळाचीच रूपे चालतात, एक ‘आ फि’ (असणे) सोडून.

‘पोत मेर्जे’ आणि ‘पोत सऽ मेर्ग’ यांच्या अर्थात सांगण्यासारखा फरक नाही. लिखाणात पहिले अधिक, घरच्या बोलण्यात दुसरे अधिक, एवढे म्हणता येईल. पण हा नियम ताणू नये. दुकानात शिरल्यावर विक्रेता जे रोज म्हणतो, ‘कु चे वऽ पोत आझुता?’ (आपली काय मदत करू शकतो?), त्यात नुसते तुमन्तच आहे आणि ते कोणालाही पुस्तकी वाटत नाही. याच वाक्यात खरी मेख आहे. ‘आझुता’ म्हणजे मदत करणे आणि ‘वऽ’ म्हणजे ‘आपल्याला’. मदत ‘आपल्याला’ करायची असली, तरी तो ‘वऽ’ ‘आझुता’ला सोडून ‘पोत’च्या आधी जाऊन बसला आहे. तुमन्त वापरले, की सर्वनामाला तिथेच जावे लागते: ‘ते पोत आझुता’ (मी तुला मदत करू शकतो), ‘ओ पोत वेद्या’ (मी तिला पाहू शकतो). ‘सऽ’ वापरला, की सर्वनाम ‘सऽ’च्या मागोमाग येते: ‘पोत सऽ ते आझुत’, ‘पोत सऽ ओ वद’. मी स्वतः सुरुवातीला बरेच दिवस ‘पोत ते आझुता’ असे लिहीत होतो, आणि प्रत्येक वेळी वहीवर तांबडी रेघ येत होती. शिकाऊ माणसाने ‘सऽ’च पसंत करावा, असे माझे मत आहे. त्यात चूक होण्याच्या जागा कमी आहेत, आणि तो ‘व्र्याउ’ आणि ‘त्रेबुये’ यांनाही सारखाच चालतो.

नकाराची जागा बदलली तर मात्र अर्थ बदलतो. ‘नु पोत सऽ मेर्ग’ म्हणजे ‘मी जाऊ शकत नाही’. ‘पोत सऽ नु मेर्ग’ म्हणजे ‘मी न गेलो तरी चालेल’. आणि दोन्हीकडे नकार आला, ‘नु पोत सऽ नु मेर्ग’, तर ‘गेल्यावाचून गत्यंतर नाही’. ही सोय नुसत्या तुमन्तात नाही.

‘आ पुत्या’च्या ‘प्वाते’ या रूपाबद्दल स्वतंत्रपणे सावध करावेसे वाटते. ‘प्वाते वेनि’ म्हणजे ‘तो येऊ शकतो’. ‘प्वाते विने’ म्हणजे ‘कदाचित येईल’, कारण इथे ‘प्वाते’ हे क्रियापद राहिलेले नाही, ते अव्यय झाले आहे. आणि ‘प्वाते सऽ विनऽ’ म्हणजे संदर्भानुसार ‘येऊ शकतो’, ‘येण्याची शक्यता आहे’ किंवा ‘आला तरी चालेल’. ‘वेनि’, ‘विने’, ‘विनऽ’ या तिन्हींत फरक तो एखाद्या स्वराचा. कानाने तो धरता येईपर्यंत बरेच रोमानियन ऐकावे लागते.

कौशल्याचा प्रश्न असेल, तर ‘पोत’ नको, ‘आ श्ति’ (जाणणे) हवे: ‘श्तिउ सऽ इनोत’, म्हणजे ‘मला पोहता येते’. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘मला पोहता येते, पण आज पोहू शकत नाही, खांदा दुखतो आहे’ हे आपण विचार न करता म्हणतो आणि रोमानियन माणूसही त्याच दोन क्रियापदांनी म्हणतो. इंग्रजीच्या वाटेने शिकणारे मात्र दोन्हीकडे ‘पोत’च वापरतात.

इच्छेच्या ‘आ व्र्या’पुढे तुमन्त येत नाही, हे वर सांगितले, पण भविष्यकाळ पाहिला, तर ‘वोय मेर्जे’ (मी जाईन) यात नुसते तुमन्तच दिसते, आणि हा ‘वोय’ त्याच ‘इच्छिणे’वाल्या लॅटिन क्रियापदाच्या कुळातला आहे. म्हणजे इच्छा होती तेव्हाच्या जुन्या वाक्यरचनेतले तुमन्त, इच्छा जाऊन नुसता काळ उरला तिथे गोठून राहिले. संकेतार्थातही तसेच: ‘आश मेर्जे’ (जमले तर मी जाईन). आणि एकवचनी निषेधार्थी आज्ञेतही: ‘नु मेर्जे!’ म्हणजे ‘जाऊ नकोस!’ ‘जाऊ शकतोस’ आणि ‘जाऊ नकोस’ या दोन्हींत मराठीने एकच ‘जाऊ’ वापरला आहे, आणि ‘पोत्स मेर्जे’ व ‘नु मेर्जे’ या दोन्हींत रोमानियननेही एकच रूप वापरले आहे. हा योगायोगच, पण लक्षात ठेवायला फार सोयीचा.

‘नाम चे फाचे’ हा वाक्प्रयोगही इथेच नोंदवून ठेवतो. शब्दशः ‘करायला काही नाही माझ्याजवळ’, पण वापरतात तो ‘काय करणार, इलाज नाही’ या अर्थाने, थेट आपल्या सुस्काऱ्यासह. यातही नुसते तुमन्त आहे. तुमन्ताचे मूळ लॅटिनमधले ‘रे’-अन्त रूप हल्ली नाम म्हणूनच जगते: ‘पुत्या’पासून ‘पुतेरे’ म्हणजे शक्ती, जशी आपल्याकडे ‘शकणे’ आणि ‘शक्ती’ ही जोडी, ‘वेद्या’पासून ‘वेदेरे’ म्हणजे दृष्टी.

आता राहिले ‘त्रेबुये’. हे क्रियापद लॅटिनचे नाही, स्लाव्ह भाषेतून आलेले आहे, आणि ते मराठीच्या ‘पाहिजे’शी इतके जुळते, की मी ते दुसऱ्या कोणत्याही भाषेतून शिकवणार नाही. ‘पाहिजे’ला कर्ता लागत नाही, ‘त्रेबुये’लाही लागत नाही. वर्तमानकाळात ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’ कोणीही असो, रूप ‘त्रेबुये’च राहते आणि पुरुष दाखवण्याचे काम पुढच्या ‘सऽ मेर्ग’, ‘सऽ मेर्जेम’वर पडते. वस्तू हवी असेल, तर चतुर्थी येते: ‘इम त्रेबुये आपऽ’, म्हणजे ‘मला पाणी पाहिजे’. (‘आपऽ’ ऐकून संस्कृतचे ‘आपः’ आठवले तरी हा शब्द लॅटिन ‘आक्वा’चा आहे.) ‘असला पाहिजे’मध्ये जसे सक्ती आणि अंदाज हे दोन्ही अर्थ दडलेले असतात, तसे ‘त्रेबुये सऽ फिये आकासऽ’मध्येही आहेत: त्याने घरी असायला पाहिजे, किंवा तो घरी असला पाहिजे.

साम्य सर्वांत खोल जाते ते भूतकालवाचक धातुसाधितापाशी. ‘कार्त्या त्रेबुये चितितऽ’ म्हणजे ‘पुस्तक वाचले पाहिजे’. ‘कर्त्सिले त्रेबुये चितिते’ म्हणजे ‘पुस्तके वाचली पाहिजेत’. ‘चितितऽ’ आणि ‘चितिते’ ही रूपे पुस्तकाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात, ‘वाचले’, ‘वाचली’ बदलतात तशीच. फरक एवढाच, की आपण ‘पाहिजे’चे ‘पाहिजेत’ करतो, तर प्रमाण रोमानियनला ‘त्रेबुये’चे असे अनेकवचन चालत नाही. लोक बोलताना ‘त्रेबुयेस्क’ म्हणतात आणि भाषाशुद्धीची चाड असणारे लगेच कपाळाला आठ्या घालतात.

शेवटी काळ. प्रश्नकर्त्यांना हेच वाक्य दुसऱ्या दिवशी भूतकाळात सांगावे लागेल, तेव्हा दोन्ही सहायकच मागे सरकतील आणि ‘वेनि’ व ‘मेर्ग’ आहेत तशीच राहतील: ‘नाम पुतुत वेनि, आ त्रेबुइत सऽ मेर्ग ला दोक्तोर’, म्हणजे ‘येऊ शकलो नाही, डॉक्टरकडे जावे लागले’. इथला ‘आ’ भूतकाळाचा आहे, तुमन्ताचा नाही. आणि ‘आ त्रेबुइत’च्या जागी ‘त्रेबुया’ म्हटले, तर ‘त्रेबुया सऽ मेर्ग ला दोक्तोर’चा अर्थ ‘जायला पाहिजे होते’ असा होतो. गेले की नाही, ते ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि बहुधा गेले नसावेत असेच त्याला वाटते.