लातूरला पत्र्याच्या शेडची कामं घेतो, गूगलवर नाव वर कसं आणायचं?

वेबसाईटचं नंतर बघा, आधी गूगल बिझनेस प्रोफाईल (गूगल सर्च अन् मॅपवर धंद्याचं नाव-नंबर दाखवणारं पान) काढा, फुकट असतंय. कॅटेगरी 'रूफिंग कॉन्ट्रॅक्टर' ठेवा, दुकान नसंल तर पत्ता लपवता येतो अन् औसा, निलंगा, उदगीर असे 20 पर्यंत एरिया टाकता येतात, पण टाकले म्हणून उदगीरला पहिले दिसाल असं नाही, गूगल अंतर पण बघतंय. नावात 'बेस्ट पत्रा शेड लातूर' असलं कोंबू नका, प्रोफाईल सस्पेंड होऊ शकतं.

खरा जोर रिव्ह्यूवर लावा. काम झालं, गिऱ्हाईक खूश दिसायलंय, तिथंच व्हॉट्सॲपवर लिंक पाठवा, 'गोठ्यावर पत्रे टाकले, पावसात थेंब गळला नाही' असं त्यानं स्वतःहून लिहिलं तर सोन्याहून पिवळं. डिस्काउंट देऊन मात्र घेऊ नका, नियमात बसत नाही. अन् हे मार्चातच उरका, मृग लागल्यावर लोकं धडाधड शोधायलेत अन् तुम्ही व्हेरिफिकेशनची, म्हणजे धंदा खरा आहे का हे गूगल तपासतंय त्याची, वाट बघत बसाल.